आधी पापण्या थरथरतात

डोंगरवस्ती, जि. पूंछ
३ जून २०२५

ती. काकाजींना सत्यशीलाचा सविनय जय भीम.

फोनला रेंज हवी तर इथून अर्धा तास चढून जावं लागतं, आणि वर पोहोचेपर्यंत इतका दम लागतो की बोलवत नाही. म्हणून पत्र. आमच्या संस्थेची जीप आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाते, तिच्याबरोबर टपाल जातं.

मला इथे येऊन अकरा दिवस झाले. पंधरा दिवसांसाठी पाठवलं होतं, आता पावसाळा संपेपर्यंत राहा म्हणतात, कारण दुसरा जनावरांचा डॉक्टर यायला तयार नाही. मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत या वस्तीवर किती गोळे पडले ते कुणी मोजलेलं नाही. माणसं खालच्या शाळेच्या तळघरात जाऊन बसली. जनावरं दावणीलाच राहिली. सोडली असती तर सुरुंग पेरलेल्या उतारावर गेली असती, म्हणून बांधून गेले. रोज सकाळी मी चिमटा आणि आयोडीन घेऊन निघते आणि म्हशींच्या पाठीतून लोखंडाचे तुकडे काढते. काही तुकडे नखाएवढे असतात, काही बोटाएवढे. ज्यांना काही लागलं नाही त्यांचंही दूध आटलंय. कुत्री पळाली ती परत आली नाहीत. अक्रोडाची झाडं एका बाजूने सोलल्यासारखी दिसतात.

मी बशीरचाचांच्या घरी राहते. घरात ते, त्यांची बायको आणि सून नसीम. मुलगा आखातात कामाला आहे. नसीम चोवीस वर्षांची, दोन लहान मुली आहेत. घरातलं सगळं पाणी तीच आणते. इथे झऱ्याला दगडी हौद बांधून घेतात, त्याला बावली म्हणतात. संपूर्ण वस्ती आणि जनावरं त्याच पाण्यावर. बावलीच्या वरच्या अंगाला एक गोळा पडला होता, तो उडाला नाही, खडकावर आपटून दुभंगला. लष्कराची माणसं येऊन लोखंड घेऊन गेली.

आता एक विचारायचं आहे. गेल्या आठवड्यात तीन म्हशींना झटके आले. उभ्या उभ्या पडतात, पाय झाडतात, पाच-सात मिनिटांनी शांत होतात, मग दिवसभर गुंगीत. मॅग्नेशियम कमी झालं असेल म्हणून इंजेक्शनं दिली, उपयोग झाला नाही. तुम्ही चौतीस वर्षं कारखान्यात गोळे भरलेत. आवाजाच्या धक्क्याने महिन्याभरानेही असं होतं का? की त्या तुकड्यांच्या लोखंडात काही असतं?

काकूंचे गुडघे कसे आहेत?

आपली,
सत्यशीला

———

सदाशिव पेठ, पुणे
११ जून २०२५

चि. सत्यशीलास जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. हिराला वाचून दाखवलं. तिचे गुडघे जिना उतरताना दुखतात, चढताना नाही, असं ती म्हणते. आमचा अभिनव सकाळी सातला हिंजवडीची बस पकडतो आणि रात्री नऊला घरी येतो, तेव्हा त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं. खालच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर पाठ करत असतात. मी वाचनालयात जाऊन बसतो. एकूण बरं चाललं आहे.

तू विचारलंस त्याबद्दल. जनावर भेदरलं की असं होऊ शकतं. मुकं जनावर, त्याला सांगता येत नाही. गूळ-मीठ द्यावं, अंधाऱ्या जागी बांधावं. लोखंडात काही नसतं. कारखान्यातल्या बाकीच्या गोष्टी आम्ही बाहेर बोलत नाही, तशी सही केलेली असते, ती निवृत्त झालो म्हणून संपत नाही.

एक सहज विचारतो. म्हैस पडण्याच्या आधी तिच्या पापण्या आणि कान थरथरतात का? आणि ज्या तीन पडल्या त्या बावलीच्या वरच्या अंगालाच चरणाऱ्या होत्या का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

जमत असेल तर काही दिवस पाणी दुसरीकडचं वापरा. पावसाच्या तोंडावर पाणी बदललेलं बरं असतं.

जपून राहा. तुझ्या बाबाने मरताना तुझा हात माझ्या हातात दिला होता, तेव्हा पंधरा दिवसांचे चार महिने करताना एकदा विचारायला हवं होतंस.

तुझा,
काकाजी

———

डोंगरवस्ती
२१ जून २०२५

ती. काकाजी, जय भीम.

तुमचं पत्र परवा मिळालं. ते मी तीनदा वाचलं.

हो, आधी पापण्या थरथरतात, मग कान, मग मान. हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मलाच ते नीट लक्षात आलं नव्हतं. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी एक म्हैस पडली आणि मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होते. तुम्हाला हे कुठून माहीत?

आणि हो, त्या सगळ्या वरच्या अंगाला चरणाऱ्या आहेत. आता सात झाल्यात. दोन मेल्या, दोन गाभडल्या. रक्ताचे आणि मेलेल्या म्हशींच्या मेंदूचे, पोटातल्या चाऱ्याचे नमुने जम्मूला पाठवले होते. पिसाळीचा रोग नाही, शिसं नाही, मॅग्नेशियम ठीक. प्रयोगशाळेने चिठ्ठी लावली की संशयित विष कोणतं ते कळवल्यास तपासता येईल. मला तेच कळत नाही.

दुसरं पाणी दीड तास खाली आहे आणि वाटेवर सुरुंगाच्या पाट्या आहेत. 'पावसाच्या तोंडावर पाणी बदललेलं बरं' एवढ्या कारणासाठी मी बायकांना त्या वाटेने पाठवू शकत नाही.

आता यापुढचं. मंगळवारी, सतरा तारखेला, नसीम चुलीपुढे बसली होती. मी ओसरीवर औषधं मोजत होते. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून आत गेले तर ती आडवी झाली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत चुलीत होता. मी ओढून काढेपर्यंत जे व्हायचं ते झालं. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, गोळाबाराची भीती बसली आहे, असं बऱ्याच बायकांना होतंय. तिची सासू म्हणते, हिच्या अंगात आधीपासून काहीतरी होतं, माहेरच्यांनी लपवलं. हिला परत पाठवा, पोरींमध्येही उतरेल. बशीरचाचा मला विचारतात, 'डॉक्टरनी, माणूस आणि म्हैस एकाच भीतीनं कशी पडेल?'

याचं उत्तर तुमच्याकडे असेल, तर तुमची सही आणि शपथ बाजूला ठेवून मला कळवा.

सत्यशीला

———

सदाशिव पेठ, पुणे
१ जुलै २०२५

चि. सत्यशीलास जय भीम.

काल तुमच्या संस्थेच्या तालुक्याच्या कार्यालयात मी फोन केला होता. निरोप पोहोचला असेल: बावलीचं पाणी माणसांनी आणि जनावरांनी ताबडतोब बंद करावं, आणि वरच्या अंगाला मातीत पिवळट, मेणासारखे खडे दिसले तर कुणीही हात लावू नये. लष्कराला पुन्हा बोलवा. प्रयोगशाळेला कळव की स्फोटकाचा अंश शोधा. त्याचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडलं आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं होतं. फोन मी सोमवारी केला. मधले तीन दिवस मी काय करत होतो ते मला सांगता येणार नाही.

आता कारण सांगतो. गोळा नीट उडाला तर आतलं सगळं जळून जातं. दुभंगला तर आतला माल जमिनीवर सांडतो. लोखंड उचलून नेलं तरी माल मातीत राहतो, पाण्यात थोडा थोडा उतरतो, जनावरं माती चाटतात. त्यातली एक जी पांढरी भुकटी असते ती डोक्यात जाते. थोडी पोटात गेली किंवा श्वासातून गेली तरी आधी पापण्या थरथरतात आणि मग माणूस पडतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

आमच्या विभागात दिगंबर वैरागडे म्हणून माझा मित्र होता. कॉलनीत आमच्या शेजारी राहायचा. त्याची बायको द्वारकावहिनी, मुलगी शर्मिला. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. सन नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई लागली आणि कारखाना तीन पाळ्यांत चालू लागला. दिगंबर वाळवणखोलीत होता, भुकटीच्या चाळणीवर. तोंडाला बांधायचे मुखवटे घामाने भिजून जायचे, श्वास घेता यायचा नाही, म्हणून लोक काढून ठेवायचे. साहेबांना दिसायचं. आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही थांबलात तर तिकडे पोरं मरतील. ते खोटंही नव्हतं.

जुलैत दिगंबरला दोनदा फेफरं आलं. दोन्ही वेळा माझ्यासमोर. तिसऱ्यांदा तो लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर होता. खाली डोक्यावर पडला आणि तिथेच गेला.

चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, 'याला आधीपासून फेफरं येत होतं ना?' मी म्हणालो, 'हो साहेब. लहानपणापासून येतं, असं तो सांगायचा.' दिगंबरने असं मला कधीही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

का केली, तर त्याच्या आठ दिवस आधी मलाही आलं होतं. घरी, मोरीत. हिराने पाहिलं. नंतर आणखी एकदा. ते बाहेर कळलं असतं तर मला काढून टाकलं असतं, विभाग बंद झाला असता. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढे माझी बदली कोठारात झाली आणि मला पुन्हा कधी काही झालं नाही. दिगंबरलाही झालं नसतं.

कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी पिऊन बकऱ्या अशाच पाय झाडत मरायच्या. तेही आम्ही पाहत होतो. लोक म्हणायचे, नाला बाधलेला आहे.

द्वारकावहिनी मुलीला घेऊन पुण्याला भावाकडे आल्या. शर्मिला शिकली, शाळेत भूगोल शिकवते. तिच्या लग्नाचं दोनदा ठरत आलं आणि दोनदा मोडलं, वडिलांना फेफरं होतं म्हणून. दुसऱ्या वेळी मुलाकडच्या एकाने माझा नंबर मिळवून मला फोन केला. त्याने विचारलं, 'तुम्ही तर शेजारी होता, खरं काय आहे?' मी म्हणालो, 'मला त्यातलं काही सांगता यायचं नाही.' असं म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतात.

ती नारायण पेठेत राहते. माझ्या घरापासून चालत बारा मिनिटं. पुण्याला आल्यापासूनच्या बारा वर्षांत मी त्या गल्लीतून गेलेलो नाही.

आमच्या हातचे गोळेही पलीकडे कुठल्यातरी बावलीपाशी पडले असतील. हल्ली वाचनालयात बसल्यावर हेच डोक्यात येतं.

नसीमच्या हाताचं वाचून हिरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काकाजी

———

डोंगरवस्ती
१५ जुलै २०२५

ती. काकाजी,

निरोप तीस तारखेच्या संध्याकाळीच मिळाला. बशीरचाचांनी रात्रीतून बावलीवर काटेरी फांद्या टाकल्या. लष्कराचं पथक चार तारखेला आलं. हौदाच्या वरच्या पायरीचा दगड उचलला तर खाली गोळ्याचा अर्धा भाग गाळात रुतलेला होता, आणि भोवती तुम्ही म्हणालात तसे पिवळट खडे. त्यांनी तीन बादल्या माती नेली आणि वरच्या अंगाला तार मारली. आता खेचरांवरून पाण्याचे कॅन येतात. माणशी एक कळशी मिळते. जनावरांना त्यातलंच.

जम्मूच्या प्रयोगशाळेला म्हशीच्या पोटातल्या चाऱ्यात तुम्ही लिहिलेलं तेच सापडलं. पाच तारखेनंतर एकही जनावर पडलेलं नाही. एकूण नऊ पडली, चार मेली.

निरोप आला त्या रात्री मी घराघरांत जाऊन विचारलं की असे खडे कुणी आणलेत का. सगळे नाही म्हणाले. मग नसीमने डाव्या हाताने कोनाड्यातून बिस्किटाचा डबा काढला. अर्धा भरलेला. ती म्हणाली, 'लाकडं ओली असतात. हा एक तुकडा टाकला की लगेच पेटतं.' महिनाभर ती त्यावर चूल पेटवत होती आणि तोंड खाली घालून फुंकत होती. त्याच चुलीवरची भाकरी मी खात होते.

काकाजी, तुमच्यावर रागवायची ताकद माझ्यात नाही, इथे सगळेच थकलेत. पण तारखा लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तुमचं पहिलं पत्र अकरा तारखेचं आहे. त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं. नसीम सतराला पडली. तुम्ही अकराला फोन केला असता तर डबा अकराला निघाला असता. तिची दोन बोटं काढावी लागली. उरलेली मिटत नाहीत.

मी तिला सांगितलं की तिच्या अंगात काही नाही, हे त्या खड्यांनी झालं, आणि ते पुन्हा होणार नाही. तिने मला दोनदा विचारलं, 'मुलींनाही नाही होणार?' मी म्हटलं, नाही. मग ती रडली. हात भाजला तेव्हा रडली नव्हती. सासूला मात्र पटलेलं नाही. 'खडे तर घरात सगळ्यांनीच हुंगले, मग हीच कशी पडली?' असं ती म्हणते. ईद-ए-मिलादनंतर मुलगा येईपर्यंत नसीमला ठेवू, मग बघू, असं ठरलंय.

बावलीच्या खालचा मका या वर्षी जनावरांना घालू नका असं सांगितलंय. पाखरं खातात, त्यांना कोण सांगणार. मधमाश्या नाहीत म्हणून भोपळ्याला फळ धरलेलं नाही.

नसीमला तिच्या रक्तात काही नाही हे मी सांगू शकले, ते तुमच्या पत्रामुळे. शर्मिलाताईंना हे कोण सांगणार आहे?

सत्यशीला

———

सदाशिव पेठ, पुणे
४ ऑगस्ट २०२५

चि. सत्यशीलास जय भीम.

तारखा बरोबर आहेत.

काल रविवारी मी नारायण पेठेत गेलो. याआधी दोनदा निघालो होतो आणि लक्ष्मी रस्ता ओलांडून परत आलो होतो. काल हिरा बरोबर आली. ती खाली दुकानाच्या पायरीवर बसली, म्हणाली, 'वर तुम्हीच जा. सही तुमची आहे.'

शर्मिलाने दार उघडलं. दिगंबरसारखीच उंच झाली आहे. केस बरेच पिकलेत. मला ओळखलं. म्हणाली, 'गजभिये काका? आई गेली तेव्हा कळवलं होतं. तीन वर्षांनी आलात. असो, या.'

ती दोडका चिरत होती. मी खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, क्रमाने. वाळवणखोली, मुखवटे, जिना, चौकशी, माझी सही, तो फोन. ती चिरत राहिली. दोडका संपला तरी सुरी हातातच होती.

मग तिने विचारलं, 'तुम्हालाही आली होती फिट?'

'दोन वेळा.'

'आणि तुमच्या अभिनवचं लग्न झालं?'

'झालं. दहा वर्षं झाली.'

'छान,' ती म्हणाली.

ती उठली आणि गॅस पेटवला. मी म्हणालो, 'चहा नको मला.' ती म्हणाली, 'तुमच्यासाठी नाही करत. मला हवाय.'

चहा घेताना तिने त्या दिवसाचं विचारलं. बाबांनी डबा खाल्ला होता का, कुणाशी शेवटचं बोलले, पडल्यावर शुद्ध होती का. मला आठवलं ते सांगितलं. डबा खाल्ला नव्हता, पाळी सुटल्यावर खाऊ म्हणाला होता. शुद्ध नव्हती. 'आईला माहीत होतं?' असं तिने विचारलं. मी म्हणालो, 'त्यांनी साहेबांना सांगितलं होतं की ह्यांना असं कधीच नव्हतं. पण त्या बायको होत्या आणि मी साक्षीदार.' तेव्हा पहिल्यांदा तिने तोंड फिरवलं. म्हणाली, 'आई मरेपर्यंत तेच सांगत होती. मला वाटायचं, माझी समजूत घालते.'

मग तिने फुलस्केप कागद आणून पुढे ठेवला. 'हे सगळं लिहा.' मी लिहिलं. तिने उभ्यानेच वाचलं. 'इथे "बहुतेक भुकटीमुळे" लिहिलंय. बहुतेक का?' मी ते खोडलं. 'खाली तारीख घाला. आणि तुमचा तो कामगार क्रमांक असेल तो.' तोही घातला.

मी म्हणालो, 'शर्मिला, मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही.' ती म्हणाली, 'मग नका म्हणू.'

निघताना तिने तुझ्याबद्दल विचारलं, कारण तुझ्या पत्रांशिवाय मी आलोच नसतो हे मी सांगितलं होतं. तुझी तिन्ही पत्रं मी सोबत नेली होती. ती तिने ठेवून घेतली.

खाली आल्यावर आम्ही रिक्षा केली. बारा मिनिटांचं अंतर, पण दोघांनाही चालवेना.

त्या कागदाची एक प्रत मी कारखान्याच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. पुढे काय करायचं ते त्यांना करू दे. अभिनवलाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आज ऑफिसला गेला नाही.

काकाजी

———

नारायण पेठ, पुणे
२० ऑगस्ट २०२५

डॉ. सत्यशीला गजभिये यांस,

आपली ओळख नाही. तुमची पत्रं न विचारता माझ्याकडे ठेवली आहेत, त्याबद्दल तुमची हरकत असेल तर कळवा, परत पाठवीन. पत्ता पाकिटावरून घेतला.

तुमच्या काकांना मी माफ वगैरे केलेलं नाही. ते दर रविवारी हिराकाकूंना पाठवतात. त्या भाजी निवडून देतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. त्यांना येऊ नका म्हणावं असं अजून मला वाटलेलं नाही.

लोकांना वाटतं माझं लग्न मोडलं हा यातला मोठा भाग. तो लहान आहे. दोन्ही मुलगे काही विशेष नव्हते. मोठा भाग असा, की अकराव्या वर्षापासून मी वाट बघत होते. आज येईल, उद्या येईल. मामाने सांगितलं होतं की वडिलांना होतं म्हणजे मुलीला चाळिशीच्या आत येतंच. म्हणून मी दुचाकी शिकले नाही. पोहायला गेले नाही. शाळेच्या सहलीला मुलींना घेऊन कधी गेले नाही, कारण मी पडले तर मुली कोण सांभाळणार. न्हाणीघराला आतून कधी कडी लावली नाही. डोळ्याची पापणी जरा फडफडली की भिंत धरून उभी राहायचे. आता सदतीस वर्षं पूर्ण आहेत. परवा आतून कडी लावली. अंघोळभर त्या कडीकडेच बघत होते. सवय नाही.

बाबांविषयीही मला राग होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आजार लपवून लग्न केलं, आईला फसवलं, असं वाटायचं. त्यांच्या फोटोला मी कधी हार घातला नाही, आईच घालायची. आता घातला तर तो कुणासाठी, कळत नाही. खरं कळून काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. सव्वीस वर्षांनी कळलं की माणूस नुसता दमतो.

पण मी पत्र माझ्यासाठी लिहीत नाही. नसीमविषयी लिहायचं आहे.

तुम्ही तिला तोंडी सांगितलंत, ते चांगलं केलंत. तेवढं पुरणार नाही. माझ्या आईने मला रोज सांगितलं, तरी मी मामाचं खरं मानलं, कारण मामाच्या बाजूने कागद होता. तुम्ही डॉक्टर आहात, जनावरांच्या असलात तरी. प्रयोगशाळेचा अहवाल आहे. आरोग्य केंद्रातल्या त्या डॉक्टरांना, ज्यांनी भीती म्हणून लिहिलं, त्यांना तो दाखवा आणि त्यांच्याकडून नवीन कागद घ्या. त्यात साफ लिहून घ्या की हिला आजार नाही, हिच्या मुलींना होणार नाही, हे त्या स्फोटकाने झालं. 'बहुतेक' असा शब्द राहू देऊ नका. उर्दूत एक प्रत करा. सासूला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि एकटीला नाही, चार शेजारणी बोलावून. तिचा नवरा येईल तेव्हा त्याच्या हातात द्या. एक प्रत मुलींच्या नावाने वेगळी ठेवा. त्या लग्नाच्या होतील तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

'हीच कशी पडली' असं सासूने विचारलं, असं तुम्ही लिहिलंय. तिला सांगा, चूल रोज तीच फुंकत होती म्हणून. माझे बाबाही रोज चाळणीवर होते.

दिवाळीच्या सुट्टीत मला वीस दिवस मिळतात. तिकडे यायला परवानगी लागते का आणि कुठून काढायची, ते कळवा. तुमचं काम वाढवायला येणार नाही. नसीमच्या सासूने माझ्याकडे एकदा बघावं, एवढंच. फेफऱ्याच्या माणसाची मुलगी सदतीस वर्षांत एकदाही पडलेली नाही, हे तिला समोर दिसलेलं बरं.

नसीमची उरलेली बोटं आता मिटतात का, तेही लिहा.

शर्मिला दिगंबर वैरागडे